मसाई माराचं भाडं कोण भरतं? (पर्यटक येईनासे झाले की आफ्रिकेतल्या प्राण्यांचं काय होतं)

माळढोक

शेजारच्या 'मारा जुलैत की सप्टेंबरात' या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की कोव्हिडच्या काळात आफ्रिकेतल्या जनावरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. ना गाड्यांचा धुरळा, ना कॅमेऱ्यांची फौज. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते इतकं लांबलं की मूळ धाग्याचा पार विचका झाला असता. म्हणून हा वेगळा धागा.

आधी जमिनीचं बघू, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपण ज्याला मसाई मारा म्हणतो ते केनियातलं राखीव क्षेत्र जेमतेम दीड हजार चौरस किलोमीटरचं. नारोक काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं) सरकार ते सांभाळतं. दक्षिणेला लागून टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान, ते याच्या जवळपास दसपट. पण माराच्या उत्तरेला आणि पूर्वेला जी गवताळ रानं पसरली आहेत ती सरकारी नाहीत, मसाई या गुराखी जमातीतल्या कुटुंबांच्या नावावर आहेत. पूर्वी ही जमीन 'ग्रुप रँच' म्हणून सामाईक होती. पुढे वाटण्या झाल्या आणि ज्याच्या त्याच्या हातात कागद आला. कोयाकी भागात एकेकाच्या वाट्याला दीडशे एकरांच्या आसपास जमीन आली. केनियातले निम्म्याहून जास्त वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर राहतात, ते अशाच खाजगी आणि सामाईक जमिनींवर.

आता दीडशे एकर गवत नावावर असलेल्या माणसाने काय करावं? तार ओढून गुरं पाळावीत. पाऊस बरा असेल तिकडे नांगर घालून गहू-मका घ्यावा. नाहीतर सरळ विकून टाकावी. आणखी एक वाट आहे: शेजारपाजारच्या मालकांबरोबर एकत्र येऊन जमीन मोकळी ठेवायची आणि सफारी कॅम्पवाल्यांना भाड्याने द्यायची. याला तिथे कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. ओल किन्येई २००५ साली, ओलारे ओरोक २००६ साली, नाबोइशो २०१० साली, अशा त्या एकामागून एक उभ्या राहिल्या. कॅम्पवाले मिळून ठरलेलं भाडं नेमाने मालकांच्या खात्यात भरतात. पाहुणे दहा आले काय नि हजार आले काय, भाडं तेवढंच. बदल्यात कुंपण घालायचं नाही, आत घर बांधायचं नाही, गुरं चारायची ती पाळीपाळीने, नेमून दिलेल्या पट्ट्यात. काही कॉन्झर्व्हन्सींत तर सातशे एकरांमागे एकच तंबू असा नियम आहे, म्हणूनच तिथली रात्र इतकी महाग पडते.

मार्च २०२० मध्ये हे सगळं अडकलं. २५ मार्चला केनियाने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली, ती १ ऑगस्टला पुन्हा सुरू झाली. २०१९ साली देशात वीस लाखांहून जास्त परदेशी पाहुणे आले होते, २०२० साली सहा लाखांच्या आत. कॅम्प ओस पडले, पण भाड्याची तारीख यायची काही थांबली नाही. कुणी शिलकीतून भागवलं, कुणी देणगीदारांपुढे हात पसरले, कुठे मालकांसोबत बैठका होऊन भाड्याला कात्री लागली. मे २०२० मध्ये केनिया सरकारने मदत योजना जाहीर केली, तीत १६० कॉन्झर्व्हन्सींसाठी एक अब्ज शिलिंग आणि साडेपाच हजार गावरक्षकांच्या पगारासाठी आणखी एक अब्ज शिलिंग ठेवले. 'जनावरांचं काय एवढं' म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट असती तर सरकारने साथीच्या ऐन धामधुमीत ही तरतूद केली नसती.

पर्यटन कोसळल्यावर मला बंदुकीपेक्षा तारेच्या कुंपणाची धास्ती जास्त वाटते, ती यामुळे. शिकार थांबवता येते, कळप पुन्हा वाढतो. एकदा का जमीन तुकड्यातुकड्यांनी कुंपणात गेली, घरं झाली, मक्याला पाणी लागलं, की ती मोकळी करून घेणं जवळपास अशक्य. याचा नमुना तिथेच बघायला मिळतो. सेरेंगेटीहून येणाऱ्या तेरा लाख विल्डबीस्टांची (हरणांच्या कुळातलं, गाईसारखं दिसणारं जनावर) चर्चा सगळीकडे असते, पण माराच्या पूर्वेच्या लोइटा पठारावरून येणारा एक दुसरा, छोटा ओघ होता. १९७० च्या दशकानंतर तो तीन-चतुर्थांशाहून जास्त आटला. गव्हाची शेती, कुंपणं, वाढती गुरं. आपल्या सहलीच्या पत्रकांत त्याचा उल्लेखही नसतो.

जाणकारांनी भर घालावी.

खवचट_काका

लेख उत्तम. पण पर्यटक नव्हते तेव्हा सिंह काय भाड्याच्या घरात राहत होते? हजारो वर्षं मसाई आणि जनावरं एकत्र नांदली. गोऱ्या साहेबाने आधी बंदुकीने मारली, मग कॅमेऱ्यासाठी राखली, आणि आता आम्ही त्याच्या हॉटेलात उतरलो नाही तर हत्ती मरेल म्हणे. हे म्हणजे खंडणीच झाली की.

नैरोबीकर

काका, खंडणी शब्द मसाई पोरांना ऐकवू नका, हसतील. त्यांच्या दृष्टीने ते सरळ जमिनीचं भाडं आहे.

मी इथे हॉटेलांना आणि लॉजना किराणा-भुसार पुरवणाऱ्या धंद्यात आहे. २०२० च्या मार्चअखेरीस आमच्याकडचे माराचे सगळे ऑर्डर थांबले. कमी झाले नाहीत, थांबले. लॉजचा स्वयंपाकी, टेबल लावणारा, ड्रायव्हर-गाईड, सगळे गावी. एकेका पगारावर दहा-बारा माणसं जगत असतात. आमच्याकडे नेहमी येणारा एक गाईड, पक्ष्यांची लॅटिन नावं तोंडपाठ असलेला माणूस, नारोकच्या रस्त्यावर टोमॅटो-कांदे विकत होता.

माळढोक यांनी एक मुद्दा सोडलाय. अडचण आली की मसाई गाय विकतो, हीच त्याची बँक. पण साथीमुळे सरकारने काही काळ गुरांचे बाजारच बंद ठेवले होते. म्हणजे भाडं कमी, पगार नाही आणि गायही विकता येत नाही. अशा वेळी माणूस कुंपणाचा विचार करणार नाही तर काय करणार? तरीही बहुतेकांनी जमिनी काढून घेतल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणा नाहीतर शहाणपण म्हणा. दुसरीकडे देणारं कुणी नव्हतंच, असंही म्हणता येईल.

त्या वर्षीच्या उत्तरार्धात लॉजवाल्यांनी स्थानिकांसाठी दर धडाधड उतरवले. एरवी ज्या फाटकातून आत डोकावायची आमची ऐपत नव्हती तिथे नैरोबीची गुजराती, पंजाबी आणि आम्ही मूठभर मराठी मंडळी पोराबाळांसकट जाऊन आलो. मारात आफ्रिकन कुटुंबं पाहुणे म्हणून इतक्या संख्येने मी तेव्हाच पाहिली. त्या पैशांत भाडं निघत नव्हतं, पण कॅम्पचे दिवे लागले.

सदाफुली

वाचनखूण साठवली. एक शंका. लॉकडाऊनमध्ये चोरटी शिकार प्रचंड वाढली असं तेव्हा सगळीकडे वाचलं होतं. माळढोक म्हणतात बंदुकीची धास्ती कमी. मग खरं काय?

माळढोक

@सदाफुली, दोन्ही खरं आहे, कारण 'चोरटी शिकार' या एका नावाखाली दोन अगदी निराळे उद्योग येतात.

पहिला गेंड्याच्या शिंगाचा आणि हत्तीच्या सुळ्याचा. यामागे टोळ्या असतात, माल सीमा ओलांडून आशियात जातो. त्यांनाही रस्ते, विमानं, दलाल लागतात. दक्षिण आफ्रिकेत २०१९ साली ५९४ गेंडे मारले गेले होते, २०२० साली ३९४. केनियात तर २०२० साली शिंगासाठी एकही गेंडा मारला गेला नाही, दोन दशकांत पहिल्यांदाच. टाळेबंदीने टोळ्यांचीही नाकेबंदी केली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा आकडा ४५१ वर गेला, तेव्हा फार हुरळून जायला नको.

दुसरा पोटाचा. तारेचे फासे, कुत्री, भाले. हरीण, रानडुक्कर मारायचं, खायचं, उरलेलं विकायचं. हा मात्र वाढला. युगांडाच्या वन्यजीव खात्याने फेब्रुवारी ते मे २०२० या काळात नोंदवलेली प्रकरणं आदल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त होती. फाशाची गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की तो हरणासाठी लावतात आणि त्यात सिंहाचा पंजाही अडकतो, हत्तीची सोंडही.

त्याच जूनमध्ये युगांडाच्या ब्विंडी जंगलात राफिकी नावाचा गोरिला मारला गेला. एनकुरिंगो नावाच्या गटाचा तो म्होरक्या, पाठ रुपेरी झालेला नर. गोरिला मारायला कुणी गेलंच नव्हतं. रानडुकरासारख्या छोट्या शिकारीसाठी माणूस आत शिरला, राफिकी अंगावर आला म्हणून भाला चालवला, असा त्याचा बचाव होता. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. जगात डोंगरी गोरिला उरलेत हजाराच्या थोडे वर. त्यातला एक गेला, आणि पाहुण्यांची सवय असलेला एक अख्खा गट सैरभैर होण्याची वेळ आली.

रानवाटा

गोरिलांचा विषय निघालाच आहे तर थोडी उलटी बाजू. गोरिला आपले इतके जवळचे नातलग आहेत की आपली सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. त्यामुळे मार्च २०२० मध्ये गोरिलांची जंगलं बंद केली ती पाहुणे नव्हते म्हणून नाही, गोरिलांना लागण होऊ नये म्हणून. भीती पोकळ नव्हती: जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या प्राणिउद्यानातल्या गोरिलांना कोव्हिड झालाच. युगांडात मग मास्क सक्तीचा झाला आणि सात मीटरचं अंतर दहा मीटरवर नेलं. म्हणजे पर्यटक हा इथे पोशिंदाही आणि रोगाचा वाहकही.

पैशांचं गणितही बघा. रुआंडात गोरिलांसोबत एका तासाचं परमिट २०१७ पासून दीड हजार डॉलर. त्या देशात पर्यटनातून उद्यानांना मिळणाऱ्या पैशांतला दहा टक्के वाटा आसपासच्या गावांना जातो, म्हणजे शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या. परमिट थांबलं की तो वाटा शून्याचे दहा टक्के.

ब्विंडीच्या कडेला डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका नावाच्या पशुवैद्य बाईंचं काम मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. गावातल्या माणसांचं आरोग्य सुधारलं तर गोरिलांचं सुधारेल, या विचाराने त्यांनी संस्था काढली आणि पुढे जंगलालगतच्या शेतकऱ्यांची कॉफी चांगल्या भावाने घ्यायला सुरुवात केली. विमान उडो न उडो, कॉफीचं झाड फळ देतंच. सगळा भार एका खांबावर नको, एवढं तरी २०२० नंतर सगळ्यांना पटायला हरकत नव्हती.

सफरचंद

मी पुण्यात सहली आखण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजून वाचा.

कोव्हिड तर जगावरच आला, पण आफ्रिकेतलं पर्यटन कोसळायला एवढं मोठं निमित्त लागत नाही. २०१४ मध्ये इबोला गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत पसरला. तीनही पश्चिम टोकाला. लायबेरियाच्या मोनरोव्हियाहून स्पेनचं माद्रिद जवळ आहे, नैरोबी लांब. तरी केनिया-टांझानियाची बुकिंगं पटापट रद्द झाली. आमच्याकडे लोक फोन करून विचारायचे, 'आफ्रिकेत रोग आलाय ना?' माद्रिदची सहल त्याच लोकांनी रद्द केली नाही. नकाशा उघडून समजावलं तरी उपयोग नाही, कारण फोन करणाऱ्याच्या मागे घरची चार माणसं 'कशाला उगाच' म्हणत उभी असतात.

केनियाला त्याच सुमारास दुहेरी फटका बसला होता. सप्टेंबर २०१३ मध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला, मग किनारपट्टीवर हल्ले, मग पाश्चात्त्य सरकारांच्या 'जाऊ नका' अशा सूचना. त्याआधी निवडणुकीनंतरची २००७-०८ ची दंगल. ब्विंडीत १९९९ साली आठ परदेशी पाहुण्यांना मारलं होतं, तेव्हाही जंगल ओस पडलं. दर पाच-सात वर्षांनी काहीतरी होतंच. ज्या खात्याचा पगार अशा लहरी गिऱ्हाइकावर चालतो त्याने शिल्लक ठेवायला नको का? तर ठेवत नाहीत, असा माझा अनुभव. चांगल्या वर्षी नवे तंबू टाकतात.

केपकर

संरक्षण-जीवशास्त्राचा विद्यार्थी, मुक्काम दक्षिण आफ्रिका. धागा चांगला चाललाय, पण 'आफ्रिका' म्हणून एकच चित्र रंगवायला नको. किमान चार तऱ्हा आहेत (माराची वर आलीच) आणि पर्यटन पडल्यावर चारही वेगवेगळ्या पडतात.

इथे दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय उद्यानांचं महामंडळ आपला बहुतेक खर्च स्वतः कमावतं, मुख्यतः पर्यटनातून, आणि त्यातही क्रूगरसारखी मोजकी उद्यानं बाकीच्यांना पोसतात. टांझानियातही तेच, वीसेक उद्यानांपैकी स्वतःचा खर्च भागवून वर उरणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: किलिमांजारो, सेरेंगेटी वगैरे. म्हणजे किलिमांजारोवर चढणारा माणूस आला नाही की फटका त्याने नावही न ऐकलेल्या कुठल्यातरी दक्षिणेकडच्या उद्यानातल्या रेंजरच्या डिझेलला बसतो. हा भाग बाहेरून दिसत नाही, पण माझ्या मते सगळ्यात घातक आहे, कारण मारासाठी जगभरातून देणग्या येतात, त्या आडबाजूच्या उद्यानासाठी कोण देणार?

नामिबियाची तऱ्हा निराळी. १९९६ च्या कायद्याने गावांना वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले, आज ८६ सामूहिक कॉन्झर्व्हन्सी आहेत आणि देशाची सुमारे वीस टक्के जमीन त्यांत येते. गावरक्षकांचे पगार त्या कमाईतून. तिथे पर्यटनाबरोबर परवान्याने होणारी ट्रॉफी शिकार (शिंगं-कातडं मिरवायला पैसे मोजून केलेली) हाही उत्पन्नाचा मोठा भाग आहे. मला व्यक्तिशः तो प्रकार बघवत नाही. पण २०२० मध्ये दोन्ही एकदम बंद पडले तेव्हा हिशेब उघडा पडला. ज्यांना शिकारीवर बंदी हवी आहे त्यांनी रक्षकाचा पगार कुठून येणार ते त्याच वाक्यात सांगावं, एवढीच माझी अपेक्षा.

आणि चाडमधलं झाकूमा उद्यान. पर्यटक जवळपास नाहीतच. २००२ मध्ये चार हजारांवर हत्ती होते, २०१० पर्यंत घोडेस्वार टोळ्यांनी साडेचारशेपर्यंत आणले. त्या वर्षी 'आफ्रिकन पार्क्स' या संस्थेने ताबा घेतला, पैसा मुख्यतः युरोपीय संघाचा आणि देणगीदारांचा. हत्ती आता हळूहळू वाढतायत. म्हणजे पर्यटकाशिवाय जमतं, मात्र कुणीतरी दुसरा कायमचा खर्च उचलायला हवा. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचा हात आखडला तेव्हा त्या 'दुसऱ्या'चाही भरवसा किती ते कळलं.

ताडोबाकर

आमच्याकडचा अनुभव सांगतो, तुलना किती लागू पडते ते तुम्ही ठरवा. मार्च २०२० ला ताडोबा बंद झालं. जिप्सीवाले, गाईड पोरं, होमस्टेवाले, सगळे घरी. काहींच्या गाड्यांचे हप्ते थकले. पण वनरक्षकाचा पगार सरकारी, तो आला. गस्त चालू राहिली. गाभ्यातली जमीनही सरकारी, ती कुणाला नांगरता येत नाही.

मारात रक्षकाचा पगारही पर्यटकाचा आणि जमीनही खाजगी, हे मला या धाग्यावरच कळलं. आमच्या बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांना मात्र ते ओळखीचं वाटेल. वाघ शेतात, आणि वाघाचा पैसा गेटवर.

खवचट_काका

माझ्या खंडणीवर इतका किस पाडलात, आभारी आहे. आता जरा आकड्याचं बोलू. जोसेफ ओगुटू आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास शोधून काढला. १९७७ ते २०१६ या काळात केनियातले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. याच चाळीस वर्षांत केनियातलं पर्यटन वाढत होतं ना? १९७७ ला शिकारबंदीही झाली. मग पर्यटनाने वाचवलं काय? आणि तुमच्या त्या भाड्यातलं बाईमाणसाला किती मिळतं, तेही सांगा.

माळढोक

काका, हा प्रश्न सगळ्या धाग्यातला सर्वांत अवघड आहे.

६८ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. पण त्या चाळीस वर्षांत पर्यटनाचा पैसा जात कुठे होता ते बघा. गेटवर, काउंटीकडे, नैरोबीतल्या कंपन्यांकडे. ज्याच्या कुरणात झेब्रे चरत होते आणि ज्याची गाय सिंह नेत होता त्याच्या हाती काही पडत नव्हतं, आणि शिकारबंदीनंतर त्या जनावरावर त्याचा हक्कही उरला नव्हता. थेट भाड्याची पद्धत माराभोवती रुजली ती २००५ नंतर, आणि केनियाच्या कायद्यात कॉन्झर्व्हन्सीला नीट जागा मिळाली ती २०१३ साली. म्हणून मी 'पर्यटन' म्हणत नाही, 'भाडं' म्हणतोय. पर्यटक वाढून भाडं मालकापर्यंत पोचलं नाही तर जनावर घटतंच, हे तुमचाच आकडा सांगतो. टांझानियातल्या लोलिओंडोत तर २०२२ मध्ये वन्यजीवांच्या नावाखाली मसाईंना चराईच्या जमिनीवरून हटवलं. तिथे पर्यटन वाढलं तर मसाईने टाळ्या का वाजवाव्यात?

बायकांचं म्हणाल तर तुम्ही बरोबर जखमेवर बोट ठेवलंत. जमिनीचा कागद बहुतेक पुरुषाच्या नावावर, म्हणून भाडंही त्याच्याच खात्यात. बाईच्या हाती येते ती मण्यांच्या दागिन्यांची कमाई. २०२० मध्ये विकत घेणारं कुणी नव्हतं आणि तीही गेली. त्यावर कसली मदत योजना मी वाचलेली नाही.

केपकर

ओगुटूंच्या अभ्यासाबद्दल पूरक: त्याच काळात तिथल्या शेळ्या-मेंढ्यांची संख्या मात्र बरीच वाढली. गवत तेच, खाणारी तोंडं बदलली.

पर्यायी उत्पन्नाचं वर कुणी विचारलं नाही, तरी लिहून ठेवतो. मार्च २०२२ मध्ये जागतिक बँकेने १५ कोटी डॉलरचा 'गेंडा रोखा' काढला. दक्षिण आफ्रिकेतल्या आडो हत्ती उद्यान आणि ग्रेट फिश रिव्हर इथले काळे गेंडे किती वाढतात त्यावर गुंतवणूकदाराचा परतावा ठरणार. कार्बन क्रेडिटही (जमिनीत कार्बन साठवल्याबद्दल कंपन्यांकडून मिळणारा पैसा) गाजतंय, पण उत्तर केनियातल्या अशाच मोठ्या प्रकल्पातल्या काही कॉन्झर्व्हन्सी स्थानिकांना न विचारता स्थापल्या म्हणून बेकायदा असल्याचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दिला. पैसा कुठलाही आणा, जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय तो टिकत नाही असं दिसतं.

चिमणराव_२

अवांतर होईल, पण एवढं वाचून आता आम्ही जाऊ की नको? जुलैसाठी आठ जणांचं ठरतंय. एकाने मारा गेटबाहेरच्या स्वस्त लॉजचं कोटेशन दिलंय, एकाने कॉन्झर्व्हन्सीचं, जवळपास दुप्पट. आणि गर्दीचं काय? नदीकाठी गाड्यांची जत्रा असते म्हणे.

सफरचंद

अवांतर कसलं, मुद्द्याचंच आहे. राखीव क्षेत्राची प्रवेश फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दर दिवशी २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर. ती काउंटीकडे जाते. कॉन्झर्व्हन्सीत राहिलात तर त्यांचं वेगळं शुल्क लागतं आणि त्यातून भाडं निघतं. गेटबाहेरच्या बऱ्याच स्वस्त लॉजांचा कुठल्याही कॉन्झर्व्हन्सीशी संबंध नसतो, जनावरं मात्र तीच दाखवतात. एजंटला सरळ विचारा: कॅम्प कुठल्या कॉन्झर्व्हन्सीत आहे आणि जमीनमालकांना भाडं देतो का? उत्तर द्यायला अडखळला तर समजून जा.

गर्दी खरी आहे. नदी ओलांडणारे विल्डबीस्टांचे कळप बघायला गाड्या इतक्या खेटतात की जनावरांची वाट अडते. पैसा आला की तोल जातो तो असाही: २०२५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय साखळीचा आलिशान कॅम्प नदीकाठी उघडला, आणि तो स्थलांतराच्या वाटेवर आहे म्हणून प्रकरण कोर्टात गेलं.

नैरोबीकर

आठ जण असाल तर जुलैचा हट्ट सोडा, असं मी म्हणेन. जानेवारी-फेब्रुवारीत गवत बसकं असतं, चित्ते छान दिसतात, फी निम्मी आणि कॅम्पवालेही दर सोडतात. कळप तेव्हा सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात, ते दिसणार नाहीत, बाकी सगळं दिसेल. भाडं बारा महिने भरायचं असतं, त्यामुळे तुम्ही सुन्या महिन्यात गेलात तर कॅम्पवाल्याला जास्त हवे असता.

एप्रिल-मे मात्र टाळा. तिथली काळी माती आपल्या विदर्भासारखीच, पावसात गाडी रुतली की ट्रॅक्टर येईपर्यंत बसून राहा. आणि कुठल्याही महिन्यात जा, गाडी फोर बाय फोर आहे ना, तेवढं एजंटकडून लेखी घ्या. व्हॅनचे छत उघडतं म्हणून तिला सफारी जीप म्हणणारे पुष्कळ आहेत.